कार निकोबारचे तुहेत

बंगालच्या उपसागरातील कार निकोबार या सपाट, नारळीच्या बनांनी भरलेल्या बेटावर आज गावोगाव ख्रिस्ती प्रार्थनामंदिरे आहेत. रविवारी त्यांत निकोबारी भाषेतील स्तोत्रे समुदायाने गाइली जातात, आणि नाताळात साऱ्या गावाचे एकत्र भोजन होते. हे ऐकून आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षितांना हळहळ वाटते की, परक्या धर्माने एका चिमुकल्या समाजाचे स्वत्व हिरावून घेतले. मला ही हळहळ अस्थानी वाटते. या समाजाच्या मर्मावर घाव पडला तो धर्मोपदेशकाच्या हातून नव्हे, सरकारी दफ्तराच्या हातून.

ते मर्म म्हणजे तुहेत. अनेक पिढ्यांचे, कधी शंभराच्या घरात जाणारे हे एकत्र घराणे. जमीन, नारळी, डुकरे ही सर्व त्याची सामाईक मालमत्ता, आणि तिची वाटणी-व्यवस्था घराण्याच्या प्रमुखाकडे. उंच खांबांवर उभारलेली, मधाच्या पोळ्यासारख्या गोल छपराची घरे एका मोकळ्या अंगणाभोवती असत. दिवसा घराखालच्या सावलीत म्हातारी माणसे बसत, मुले खेळत, आणि फोडलेल्या नारळाच्या वासाने डुकरे गोळा होत. विवाहानंतर वधूने वराकडे जावे की वराने वधूकडे, हेही कोणत्या तुहेतला कामाच्या हातांची अधिक निकड आहे ते पाहून ठरे. ज्या व्यवस्थेत एकही वृद्ध वा अनाथ निराधार राहू शकत नाही, तिला मागासलेली म्हणण्याचे धार्ष्ट्य मला होत नाही.

या व्यवस्थेत ख्रिस्ती धर्म शिरला तो आतल्या दाराने. मूस गावी 1884 मध्ये जन्मलेले जॉन रिचर्डसन हे तेथील शाळेत वेदप्पन सॉलोमन या तमिळ धर्मशिक्षकाच्या हाताखाली शिकले, पुढे ब्रह्मदेशात मंडाले येथे गेले, आणि परत येऊन त्यांनी आपल्याच लोकांत अध्यापन व धर्मकार्य केले. बायबल त्यांनी निकोबारीत आणले. दुसऱ्या महायुद्धातील जपानी अंमलात त्यांनी अनन्वित छळ सोसला. आणि युद्धानंतर बेटावरील बहुतेक लोकांनी जो धर्म स्वीकारला, तो आपल्यातल्याच एका वडीलधाऱ्याच्या शब्दावर. 1950 मध्ये ते बिशप झाले आणि 1952 मध्ये पहिल्या लोकसभेवर त्यांची नियुक्ती झाली. जुने मांत्रिक मागे पडले, काही विधी लोपले, हे खरे. परंतु सामाईक जमीन, घराण्याचा वडील आणि होड्यांच्या शर्यती, यांपैकी कशासही धक्का लागला नाही.

धक्का लागला तो 26 डिसेंबर 2004 च्या सकाळी, नाताळच्या दुसऱ्याच दिवशी आलेल्या त्सुनामीनंतर. किनाऱ्यावरील गावे, नारळी, डुकरे आणि माणसे समुद्राने नेली. वाचलेल्यांना सरकारने आत उंचावर हलवून पत्र्याच्या खोल्यांत ठेवले. मदतीचा हेतू शुद्ध होता, आणि ती पोहोचवणाऱ्यांनी अपार कष्ट घेतले, हे मी कृतज्ञतेने मान्य करतो. परंतु कारकुनाच्या फॉर्मवर नवरा, बायको आणि मुले एवढेच कुटुंब मावत होते. नुकसानभरपाई अशा कुटुंबांच्या नावे बँकेत जमा झाली, पक्की घरे त्यांनाच रांगेने मिळाली, आणि जेथे अंगण होते तेथे घर क्रमांक आला. ज्या तरुणाने कधी वडिलांच्या अनुज्ञेशिवाय नारळ विकला नव्हता, त्याच्या हाती रोख रक्कम आली; ज्या वृद्धाचा शब्द अखेरचा होता, तो लाभार्थींच्या यादीतील एक इसम झाला. त्या उद्ध्वस्त दिवसांत प्रार्थनामंदिर आणि गावप्रमुख, ज्यांना तिथे कॅप्टन म्हणतात, याच दोन संस्था लोकांना एकत्र बसवीत होत्या, याचा विसर पडू नये.

हीच चूक आता ग्रेट निकोबारमध्ये अधिक कठोर रूपाने होऊ घातली आहे. तेथील निकोबारी लोक त्सुनामीनंतर कॅम्पबेल बेजवळच्या वसाहतींत आणले गेले. आपल्या पूर्वजांच्या गावी परतू द्यावे, हा त्यांचा अर्ज सतत उभा आहे. मधल्या काळात गालाथिया उपसागरातील बंदराचा व नव्या नगराचा प्रकल्प मंजूर झाला, आणि राखीव क्षेत्रातील कोणती जमीन जाणार हे आपणास पुरतेपणी सांगितले गेले नव्हते, असे म्हणून तेथील आदिवासी परिषदेने आधी दिलेली संमती 2022 च्या नोव्हेंबरात लेखी परत घेतली. ते पत्र प्रमाण मानून सरकारने प्रथम या लोकांची त्यांच्या गावी परतण्याची सोय करावी. आणि यापुढे निकोबारात जी नोंद, जी भरपाई वा जी घरबांधणी होईल, तिच्यात मालक म्हणून तुहेतचे नाव लिहावे, व वाटणी कशी करावी हे त्या घराण्याच्या वडिलांवर सोपवावे.