गुण मोजायला माणूस लागे

घरच्या टीव्हीला जोडून खेळायचा पहिला व्हिडिओ गेम संच १९७२ साली अमेरिकेत विक्रीला आला. मॅग्नावॉक्स कंपनीचा ‘ओडिसी’. राल्फ बेअर हे अभियंते १९६६ पासून या कल्पनेवर काम करत होते. संचाबरोबर मिळणाऱ्या खेळांत एक पाणबुडीचा होता, नाव ‘सबमरीन’.

या यंत्राला ना रंग होते, ना आवाज. पडद्यावर फक्त पांढरे ठिपके आणि एक रेषा दिसे. समुद्राचा भास व्हावा म्हणून चित्र छापलेले पारदर्शक प्लास्टिक टीव्हीच्या काचेवर चिकटवायचे. एकाने आपले जहाज सागरी मार्गावरून न्यायचे, दुसऱ्याने टॉर्पेडो सोडून ते बुडवायचे. गुण मोजणे यंत्राला जमत नसे. नेम लागला का, डाव कोणाचा, आता पुरे की आणखी एक, हे शेजारी बसलेल्या दोघांनीच ठरवायचे.

आज मुलाच्या मोबाइलमुळे त्रासलेले पालक डॉक्टरांना विचारतात, ‘दिवसाला किती तास खेळू द्यायचे?’ प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. तासांइतकेच महत्त्वाचे आहे ते हे, की खेळ थांबवण्याचा निर्णय कोणाच्या हातात आहे?

पुढच्या काळात गुण मोजणे यंत्राकडे गेले, मग बक्षीस देणेही. आजचे अनेक खेळ रोज हजेरी लावणाऱ्याला बक्षीस देतात, एक दिवस चुकला तर ते कापतात. कोणत्या पेटीत काय निघेल हे कळू देत नाहीत. एक डाव संपतो न संपतो तोच पुढचा तयार असतो. ‘पुरे’ म्हणण्याची जागाच त्यात ठेवलेली नसते.

लंडनमधील संशोधकांनी १९९८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. आठ स्वयंसेवक रणगाड्याचा व्हिडिओ गेम खेळत असताना त्यांच्या मेंदूची तपासणी केली, तेव्हा डोपामिन हे रसायन जास्त स्रवत असल्याचे दिसले. एवढ्यावरून खेळाला व्यसन म्हणता येत नाही. आवडीचे जेवण समोर आले तरी हीच यंत्रणा जागी होते. पण बक्षिसाची ओढ मेंदूत खोलवर रुजलेली असते, हे यावरून समजते. प्रौढांनाही ती आवरत नाही, तिथे बारा वर्षांच्या मुलाला ‘तुझ्यात निग्रहच नाही’ म्हणून बोल लावणे अन्यायाचे आहे.

आजार कशाला म्हणायचे, हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले आहे. २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ मोठा होणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही त्याची तीन लक्षणे. शाळा, घर, मैत्री यांचे त्यामुळे मोठे नुकसान व्हावे लागते आणि साधारणपणे हे वर्षभर चालावे लागते. सुट्टीत दोन तास खेळणारा मुलगा रुग्ण नव्हे.

‘ओडिसी’चा साधेपणा हा कोणाचा सद्गुण नव्हता, ती त्या वेळच्या तंत्राची मर्यादा होती. पण त्या मर्यादेमुळे जे आपोआप घडत होते, ते आता घराला जाणीवपूर्वक करावे लागेल. मोबाइल हिसकावण्यापेक्षा डाव सुरू होण्याआधीच किती डाव खेळायचे हे मुलाशी बोलून ठरवावे. सूचनांचे आवाज बंद करावेत. रात्री मोबाइल झोपण्याच्या खोलीबाहेर राहावा, आई-वडिलांचाही. आठवड्यातून एकदा तरी मुलाशेजारी बसून त्याचा खेळ खेळावा, हरावेसुद्धा.

तरीही झोप, जेवण, अभ्यास बिघडतच गेला, मूल चिडचिडे किंवा एकलकोंडे झाले, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मोफत सरकारी सेवा दिवसरात्र उपलब्ध आहे. तिथे फोन करण्यात कमीपणा नाही.