दाताचा पत्ता

दातांच्या बाबतीत माझं धोरण साधं आहे. आपले सांभाळावेत, दुसऱ्याचे मोजू नयेत. बँकेच्या काउंटरवर वीस वर्षं बसलेल्या माणसासमोर लोक दात विचकतात, दात-ओठ खातात. पण त्याची नोंद कुठल्याच खात्यात होत नाही, त्यामुळे तक्रार नाही. मात्र गेल्या गणपतीत आमचे साडूभाऊ कोनला आले ते पिशवीत दात घेऊनच, आणि माझं धोरण कोलमडलं.

कोन म्हणजे पनवेलजवळचं. फोनवर मी "कोन" म्हटलं की पलीकडचा आधी स्वतःचं नाव सांगतो. अशा गावात राहणाऱ्या माणसाला पत्त्याचं महत्त्व जन्मभर कळत राहतं, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे उपयोगी पडेल.

आरती झाली, ताटात मोदक पडायचे होते, तेवढ्यात साडूभाऊंनी मखमली डबा उघडला. सौ.ला वाटलं, ताईंना नवा हार झाला. तिने माझ्याकडे टाकलेला कटाक्ष अठरा कॅरेटचा होता. पण डब्यातून निघाला एक दात. तळहाताएवढा, काळपट, कडांना बारीक करवत.

"मेगालोडॉन!" साडूभाऊ म्हणाले. "नामशेष झालेला राक्षसी शार्क. अठरा हजार."

सौ.ने मोदकाचं पातेलं जरा जोरात खाली ठेवलं.

आता खरं सांगायचं तर दात बघून मीही हरखलो. पनवेलच्या बाजारात मोरी मिळते, तीही शार्कच्याच गोतातली. पण तिचे दात बघून कुणाला घाम फुटल्याचं ऐकिवात नाही. मेगालोडॉनचे मोठ्यात मोठे दात सात इंचांच्या आसपास भरतात. शार्कच्या अंगात हाडं नसतात, सगळा सांगाडा कूर्चेचा, आपल्या नाकाच्या शेंड्यासारखा. तो कुजून जातो आणि मागे उरतात मुख्यतः दात. तेही ढिगाने, कारण शार्कचे दात आयुष्यभर पडत असतात आणि नवे येत असतात. एका शार्कचे हजारो. आमच्या दंतवैद्याला हे कळलं तर तो धंदा बदलून समुद्रात जाईल.

युरोपात शेकडो वर्षं लोक या दातांना दगड झालेल्या जिभा समजत होते. विषावर उतारा म्हणून ते गळ्यात बांधायचे. १६६६ साली इटलीच्या किनाऱ्यावर एक मोठा शार्क पकडला गेला आणि त्याचं डोकं फ्लॉरेन्सला निकोलस स्टेनोकडे आलं. हा स्टेनो म्हणजे लघुलेखक नव्हे, डॅनिश शरीरशास्त्रज्ञ. त्याने त्या जबड्यातले दात आणि 'जिभा' शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या आणि पुढच्या वर्षी छापून सांगितलं की, बाबांनो, हे दातच आहेत. मग प्रश्न आला की समुद्रातला दात डोंगरातल्या खडकात गेला कसा? या प्रश्नाचा पाठपुरावा करता करता खडकांचे थर वाचायचं शास्त्र उभं राहिलं. बघा हं, नुसता दात पाहून ते झालं नाही. दात *कुठे* सापडला, हे विचारल्यामुळे झालं.

म्हणून मीही विचारलं, "कुठला हा?"

साडूभाऊंनी अभिमानाने डब्यातली चिठ्ठी दाखवली. छापील अक्षरात होतं : 'दगडाची खाण, पनवेल परिसर.' म्हणाले, "आपल्या भागातली वस्तू म्हणून दोन हजार जास्त दिले."

इथे माझ्यातला कारकून जागा झाला.

मंडळी, आमच्या पनवेलचा खडक म्हणजे काळा पत्थर, थिजलेला लाव्हा. वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं. मेगालोडॉन समुद्रात आला तो फार तर २ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी, आणि संपला सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वी. म्हणजे जन्माच्या चार कोटी वर्षं आधीचा शाळा सोडल्याचा दाखला! असला कागद माझ्या काउंटरवर आला असता तर मी चहा टाकून मॅनेजरकडे धावलो असतो.

साडूभाऊ हटणारे नाहीत. "मुंबईच्या काळ्या दगडात बेडूक सापडलेत, मी वाचलंय."

वाचलंय ते खरं. वरळीच्या टेकडीत दगड झालेले चिमुकले बेडूक सापडले आणि १८४७ साली लंडनच्या रिचर्ड ओवेनने त्यांचं वर्णन केलं. 'डायनोसॉर' हा शब्द घडवणारा तो हाच. पण ते बेडूक लाव्हात नव्हते. दोन उद्रेकांच्या मधल्या सुट्टीत गोड्या पाण्याची तळी साचली, त्यांच्या गाळात ते होते. बेडूक कुठल्या थरात होता हे कुणीतरी टिपून ठेवलं, म्हणून त्या बेडकाने मुंबईचा इतिहास सांगितला. तसं शार्कच्या दातांना आपल्या देशात जागा कमी नाही. कच्छ आहे, ओडिशात बारीपदा आहे. तिथे त्या काळच्या समुद्राचा गाळ आहे. पनवेलच्या लाव्हात शार्क म्हणजे पोळलेली मोरी.

"पण दिसतो सुंदर की नाही?" साडूभाऊंनी शेवटचं अस्त्र काढलं. "कुठला का असेना!"

हे 'कुठला का असेना' ऐकून माझ्या डोक्यात तिडीक जाते. माझं भांडण तिथेच आहे. खातं उघडायला आलेल्या सत्तरीच्या आजोबांकडून आम्ही पत्त्याचा पुरावा मागतो, फोटो मागतो, केवायसीसाठी दोनदा हेलपाटे घालायला लावतो. आणि लाखो वर्षांच्या दाताला कुणी पत्ता विचारत नाही! पत्ता नसलेला दात म्हणजे खातं नंबर नसलेली भरणा-स्लिप. पैसे खरे असतील, जमा कुठे करणार? शिवाय हा दात तरी धड आहे का, कुणास ठाऊक. दोन तुटक्या दातांचा एक करतात, खपली उडालेली जागा राळेने लिंपतात, काही तर नखशिखांत राळेचेच ओततात.

कुणी म्हणेल, कारकुनाला नोंदीपलीकडे दिसतंच काय! बरोबर आहे. पण गोळा करणाऱ्यांवर माझा राग नाही. हौशी माणसांनी वेचले नसते तर किती तरी दात लाटांनी झिजून वाळू झाले असते. प्रत्येक दात संग्रहालयात कोंडा असंही मी म्हणत नाही. तेवढी कपाटं सरकारकडेही नाहीत. अमेरिकेत दक्षिण कॅरोलायना राज्यात नदीच्या तळातून दात काढणाऱ्या हौशी पाणबुड्याला परवाना लागतो आणि काय काय मिळालं त्याचा अहवाल द्यावा लागतो, तोही दर तिमाहीला! हे वाचलं त्या दिवशी त्या राज्याला बदलीचा अर्ज करावा असं वाटलं. दात पाणबुड्याकडेच, पण नोंद सगळ्यांची. आपल्याकडे १९७२ साली पुरातन वस्तूंचा कायदा झाला. त्याच्या व्याख्येत नाणं आहे, मूर्ती आहे, चित्र आहे. जीवाश्माचं नाव नाही. भूवारशाच्या कायद्याचा मसुदा खाण मंत्रालयाने २०२२ साली लोकांपुढे ठेवला. कायदा असो नसो, वही घालायला मंत्रालय लागत नाही.

याची किंमत मी घरात मोजली आहे. माझ्या वडिलांच्या टेबलावर एक दगड होता. त्यावर शंखाचा स्वच्छ ठसा. विजेच्या बिलांवर ठेवायचे. तरुणपणी कुठल्याशा प्रवासात त्यांनी तो स्वतः उचलला होता. कुठल्या, ते विचारायचं राहून गेलं. आज वडील नाहीत; दगड आहे, तो बिलं सांभाळतो. त्याला जे सांगायचं होतं ते वडिलांबरोबर गेलं. दोन ओळी लागल्या असत्या. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पासबुकात ओळी लिहितो, या दोन राहिल्या.

म्हणून चिरंजीवांना मी एक जुनी वही दिली आहे. इथल्या काळ्या पत्थरात वायूचे बुडबुडे राहिले, त्या पोकळ्यांत पुढे स्फटिक वाढले. खाणीवरचा मुकादम त्यांना गारगोट्या म्हणतो आणि क्रशरमध्ये घालतो. मे महिन्यात त्याने चिरंजीवांना एक स्टिलबाइटचा तुकडा दिला, गव्हाच्या पेंढीसारखा. चिरंजीवांनी विचारून लिहून घेतलं : तारीख, खाण, कुठला कडा, खालून किती फुटांवर. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतला निळा कॅव्हन्साइट जगभरच्या संग्रहांत मिरवतो, तो वाघोलीचं नाव लावून. नुसता 'निळा दगड' म्हणून गेला असता तर वाघोलीला आपण फक्त वाहतुकीच्या खोळंब्यासाठी ओळखलं असतं.

साडूभाऊंनी तो तुकडा हातात घेतला, उजेडात धरला. माणूस मुळात रसिक आहे. म्हणाले, "बाळा, हा मला देतोस? पाचशे रुपये."

चिरंजीवांनी वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काका, चिठ्ठीसकट की चिठ्ठीशिवाय?"

"फरक काय?"

"चिठ्ठीशिवाय फुकट. तसे खाणीत ट्रकभर पडलेत."

साडूभाऊ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं, डब्यातल्या चिठ्ठीवरचं 'पनवेल परिसर' खोडलं, आणि वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं : 'माहीत नाही.'

अठरा हजारांच्या त्या व्यवहारातली तेवढी एकच नोंद खरी आहे. तिच्यावर शिक्का मारायला मी आजही तयार आहे.