वाडग्यातले कासव आणि गोदावरी

द्वारका चौकाजवळ राहणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या घरी मी गेल्या महिन्यात गेले होते. टेबलावर काचेच्या वाडग्यात एक हिरवेगार कासव पोहत होते. लांबी जेमतेम तीन सेंटिमीटर, आणि डोळ्यांमागे तांबडा पट्टा. "मॅडम, याला काहीच लागत नाही. चिमूटभर खाद्य टाकले की झाले," तो म्हणाला. दुकानदाराने त्याला तसेच सांगितले होते.

हे तांबड्या कानाचे कासव मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. मी पदार्थविज्ञान शिकवते, तेव्हा प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांनी क्षमा करावी. पण येथे एक साधे गणित करून पाहण्यासारखे आहे. पूर्ण वाढलेली मादी २४ सेंटिमीटरपर्यंत सहज जाते. म्हणजे लांबी आठपट झाली. मग वजन किती पट? आठाचा घन, म्हणजे पाचशेच्या वर! वाडगा मात्र तेवढाच राहतो. आयुष्य वीस-तीस वर्षांचे. दुकानदार ग्राहकाला आजची लांबी दाखवतो, घन सांगत नाही.

आता रोगाचे पाहू. कासवाच्या आतड्यात साल्मोनेला नावाचे जिवाणू सुखाने राहतात. कासव आजारी दिसत नाही, पण ज्या पाण्यात ते पोहते त्या पाण्यात जिवाणू उतरतात. लहान मूल त्या पाण्यात हात घालते, कधी कासवाला तोंडात धरते, आणि ताप-जुलाबाने अंथरुण धरते. १९७० च्या सुमारास अमेरिकेत अशा कासवांमुळे वर्षाला सुमारे २ लाख ८० हजार लोकांना हा संसर्ग होत असावा, असा अंदाज होता. म्हणून १९७५ साली तेथे चार इंचांहून लहान कवचाची कासवे पाळण्यासाठी विकण्यास बंदी झाली. चारच इंच का? त्याहून मोठे कासव मुलाच्या तोंडात मावत नाही! कायद्यामागचे इतके सरळ कारण मला फार आवडते.

रोगाचा दुसरा मार्ग दुकानातूनच जातो. २००३ साली घाना देशातून सुमारे ८०० लहान सस्तन प्राणी अमेरिकेत टेक्सासला आले. त्यांतले काही मोठे उंदीर विक्रीसाठी 'प्रेअरी डॉग' नावाच्या अमेरिकी खारवर्गीय प्राण्यांशेजारी ठेवले गेले. आफ्रिकेतल्या उंदरांचा विषाणू त्यांच्यात गेला आणि त्यांना हौसेने घरी नेणाऱ्या माणसांपर्यंत पोचला. सहा राज्यांत ४७ रुग्ण निघाले. हाच तो मंकीपॉक्स, ज्याला आता एमपॉक्स म्हणतात. जंगलात हे दोन प्राणी कधीच भेटले नसते, कारण मध्ये अख्खा अटलांटिक महासागर होता. दुकानाच्या फळीवर मध्ये फक्त जाळी होती.

हा व्यापार एकतर्फी आहे असेही समजू नका. आपल्याकडची, पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेली स्टार कासवे पोत्यांत, बॅगांत कोंबून परदेशी जातात. दक्षिण भारतातील एकाच व्यापार-केंद्रातून वर्षाला किमान ५५ हजार कासवे गेल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. २०१९ साली या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक निर्बंध आले.

आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्याने देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा ठरवले. त्यातून लोकांनी सोयीचा अर्थ काढला, की देशी नको तर परदेशी आणू! २०२२ च्या दुरुस्तीने आगंतुक परकीय जातींचा व्यापार रोखण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला, हे चांगलेच झाले. पण माझ्या मते खरा प्रश्न कायद्याच्या आधी, दुकानाच्या दारातच सुटायला हवा. 'निसर्ग कोपऱ्या'त अशी कासवे ठेवणाऱ्या शिक्षकबंधूंनाही माझे हेच सांगणे आहे. मुलांना प्राणी दाखवायचे तर हिवाळ्यात दुर्बीण घेऊन नांदूरमध्यमेश्वरला सहल न्यावी.

एवढे ऐकून तो मुलगा म्हणाला, "मग नदीत सोडून देऊ का? आजी म्हणते, पुण्य लागेल."

मला भीती होती ती याचीच. देवळासमोर दगडी कासवाला नमस्कार करणारी आपण माणसे. कासवाला गोदावरीत सोडणे कोणालाही पापाचे वाटत नाही. पण या जातीची गणना जगातल्या १०० उपद्रवी आगंतुक जातींत होते. आपल्या कासवांचे अन्न, ऊन खाण्याची जागा यांवर ती हक्क सांगते आणि सोबत आपले परजीवी आणते. गोदावरीच्या खोऱ्यात लीथचे मऊ पाठीचे कासव राहते. ते आधीच नामशेष होण्याच्या कडेला पोचले आहे. आणि नाशिकहून वाहत गेलेले पाणी निफाड तालुक्यात कुठे जाऊन थांबते? त्याच नांदूरमध्यमेश्वरला, महाराष्ट्राच्या पहिल्या रामसर स्थळी.

तेव्हा सोडायचे नाही, आणि दुसरे आणायचेही नाही, असे आमचे ठरले. वाडगा जाऊन आता मोठी टाकी आली आहे. टाकीचे पाणी स्वयंपाकघराच्या मोरीत ओतत नाहीत, आणि कासवाला हात लावला की साबणाने हात धुतात. तीन वर्षांनी हा मुलगा शिक्षणासाठी बाहेरगावी जाईल. तेव्हा कासव कोण सांभाळणार, यावर त्या घरात अजून वाद चालू आहे.