माशांसाठी आरओ घ्यावा का?

काचेच्या टाकीतले मासे मरू लागले, की कुणीतरी आरओ यंत्र घ्यायला सुचवतेच. पैसे मोजण्यापूर्वी घरचे पाणी ओळखा.

अंबरनाथला बहुतेक नळांना येणारे उल्हास नदीचे पाणी सहसा मऊ असते. त्यात माशांना बाधते ते क्लोरीन. बादलीभर पाणी २४ तास उघडे ठेवून मग वापरा, काम भागेल.

इमारतीला बोअरचे पाणी असेल, साबणाला फेस येत नसेल, डाळ शिजता शिजत नसेल, तर ते पाणी जड समजा. गप्पी, मोली यांना तेही मानवते. निऑन टेट्रा किंवा डिस्कस पाळायचे तर मात्र आरओ हवा. घेताना पडद्याआधी कोळशाचा फिल्टर आहे ना, बघा. क्लोरीनने पडदा खराब होतो. लिटरभर पाण्यामागे साधारण दोन-तीन लिटर वाया जाते, ते लादी पुसायला ठेवा.

नुसते आरओचे पाणी टाकीत ओतू नका. त्यात क्षार जवळजवळ उरत नाहीत. थोडे बोअरचे पाणी मिसळा. आणि हो, आठवड्याला टाकीतले पाव पाणीच बदला, सगळे नाही!