स्तंभावर नसलेली नावे

आपल्या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी आज शिक्षणासाठी व नोकरीसाठी युरोपात जातात. लंडनमधील बाबासाहेबांचे निवासस्थान ते आवर्जून पाहतात. त्यांनी एक युद्धसंग्रहालयही पाहावे, असे इतिहासाचा शिक्षक म्हणून मला वाटते.

बेल्जियममधील ईप्र येथे, पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त होऊन पुन्हा उभारलेल्या कापडबाजाराच्या इमारतीत हे संग्रहालय आहे. २२ एप्रिल १९१५ रोजी याच परिसरात जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला आणि चारच दिवसांनी लाहोर डिव्हिजनचे भारतीय सैनिक तेथे लढाईत उतरले. संग्रहालयात विजयाचा डांगोरा नाही. सामान्य माणसांनी भोगलेले युद्ध तेथे दिसते.

तेथून जवळच, फ्रान्सच्या हद्दीत, नव्ह शापेल येथे भारतीय सैनिकांचे स्मारक आहे. त्यावर ४,७०० हून अधिक नावे आहेत. १९२७ साली अनावरण झालेल्या या स्मारकाचा स्तंभ सम्राट अशोकाच्या स्तंभांवरून घेतला आहे. माथ्यावर मात्र धम्मचक्र नाही, ब्रिटिश राजमुकुट आहे. मी ती नावे वाचली ती इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या नजरेने, आणि नसलेल्या नावांचाही विचार केला.

भीमा कोरेगावच्या स्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्या २२ महार सैनिकांची नावे आहेत. मग १९१५ च्या रणभूमीवर महार पलटण का नव्हती? शौर्य आटले म्हणून नव्हे. १८९० च्या दशकात सरकारनेच महारांसाठी सैन्यभरतीचे दार बंद केले होते. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये भरतीसाठी सरकारकडे अर्ज केला. पुढे युद्धाची निकड भासली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. निकड सरताच १९२१ मध्ये ती मोडली. महार रेजिमेंट उभी राहण्यास १९४१ साल उजाडावे लागले.

या बंद दाराची खरी किंमत शिक्षणात मोजावी लागली. सुभेदार रामजी लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. सैन्यात गेलेल्या घरात अक्षर पोहोचत होते. दार मिटले तेव्हा पगाराबरोबर पाटीही गेली. निवासी शाळेचे मोल जाणणाऱ्या पालकांना हे वेगळे सांगावयास नको.

बुद्धाचा अनुयायी युद्धाचा गौरव कसा करील, असे काही जण विचारतात. प्रश्न योग्य आहे. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब कोरेगावला गेले. त्या अभिवादनाचा अर्थ मी असा घेतो की, मान रक्तपाताला नसून नाकारलेल्या माणसांच्या सिद्ध झालेल्या सामर्थ्याला आहे. सैनिक होण्याचा समान हक्क मागणे आणि युद्ध नको म्हणणे, यांत विसंगती नाही. किंबहुना हक्क मिळालेल्या माणसाच्या शांततेच्या शब्दालाच वजन येते.

कलिंगविजयानंतर अशोकाने शिलालेखात एक लाख मृत आणि दीड लाख विस्थापित नोंदविले. ते शत्रुपक्षाचे लोक होते, तरीही जेत्याने त्यांचे दुःख दगडावर कोरले. प्रत्येक युद्धस्मारकाची कसोटी हीच असावी. म्हणून विद्यार्थ्यांनो, परदेशी संग्रहालयात छायाचित्र काढण्यापूर्वी दोन प्रश्न अवश्य विचारा: येथे कोणाची नावे नाहीत आणि ती का नाहीत?