कात्रीने केलेले चित्र हे चित्रच
(माझे मत)



१५ ऑगस्टला आपल्या शाळेत चित्रांचे प्रदर्शन होते. मीही एक चित्र दिले होते. ते खडूने काढलेले नव्हते, कागद कापून चिकटवलेले होते. आलेले एक पाहुणे म्हणाले, "हे चित्र नव्हे, कातरकाम आहे. कार्यानुभवात ठेवा." मग माझे चित्र दोरीवरून काढून मातीच्या फळांशेजारी ठेवले. मला रडू नाही आलं, पण राग आला. म्हणून हा लेख लिहिला आहे.

माझे मत असे की, कात्रीने केलेले चित्रही चित्रच असते.

गुरुजींनी आम्हाला एका पुस्तकातून फ्रान्स देशातल्या चित्रकाराची माहिती सांगितली. त्यांचे नाव आंरी मातीस. नावात माती आहे म्हणून आम्ही खूप हसलो. त्यांचा जन्म १८६९ सालचा. आधी ते ब्रशाने चित्रे काढत आणि फार प्रसिद्ध होते. १९४१ साली त्यांच्या पोटाचे मोठे ऑपरेशन झाले. मग त्यांना फार वेळ उभे राहता येईना. ते खाटेवर नाहीतर चाकाच्या खुर्चीत असत. पण ते गप्प बसले नाहीत. मदतनीस कागद रंगवून देत आणि मातीस मोठी कात्री घेऊन कापत. मदतनीस ते तुकडे टाचणीने भिंतीवर लावत. मातीस सांगत, हा वर घ्या, तो खाली घ्या. मनासारखे झाले की मगच चिकटवायचे.

१९५३ साली त्यांनी 'गोगलगाय' नावाचे चित्र केले. तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. ते आता लंडनला आहे. लांबीरुंदी सुमारे २८७ सेंटीमीटर. आम्ही पट्टीने भिंत मोजली, तर चित्र फळ्यापेक्षा कितीतरी उंच निघालं! त्यात नुसते रंगीत तुकडे आहेत. पण ते गोल गोल फिरत आत जातात, गोगलगाईच्या शंखासारखे. आणि वर डाव्या कोपऱ्यातल्या जांभळट तुकड्याची कड नीट बघितली तर तिथे छोटी गोगलगाय कापलेली आहे. आमच्या वर्गात ती आधी कुणालाच दिसली नाही.

कुणी म्हणेल, मग काहीही चिकटवलं की झालं चित्र? नाही. मी स्वतः करून बघितलं. एक तुकडा बोटभर सरकवला तरी सगळं बिघडतं. मी चार वेळा काढून पुन्हा लावलं, तेव्हा कुठे जमलं.

मातीस यांचे 'नाव' असे एक कागदी चित्र आहे. पाण्यात चालणारी नाव. १९६१ साली न्यूयॉर्कच्या संग्रहालयात ते चुकून उलटे टांगले होते. ४७ दिवस तसेच राहिले! माझी मैत्रीण म्हणाली, "बघ, उलटं-सुलटं कळत नाही, ते कसलं चित्र?" पण मी म्हणते, शेवटी एका बाईंना कळलंच ना! पाण्यातली सावली खऱ्या शिडापेक्षा ठळक कशी, असं त्यांना वाटलं. म्हणजे त्या चित्राला सुलटी बाजू होती. लोक नीट बघत नव्हते.

आता आपली चित्रे बघा. दोन डोंगर, मध्ये सूर्य, एक नदी, एक झोपडी. सगळ्यांचे तेच. मीही तेच काढायची. पण आपल्या गावात नदी नाही, ओढा आहे, तोही उन्हाळ्यात आटतो. माझ्याकडे रंगपेटी पण नाही. कात्री घरात होती. साबणाचे वेष्टन, जुनी लग्नपत्रिका, कॅलेंडरची पाने मी जमवली. आईने कणकेची खळ करून दिली.

माझ्या चित्रात खाली गुलाबी तुकडे आहेत आणि वरून मोठा काळा कागद आला आहे. त्यात एक पांढरी चीर आहे. माणूस नाही, घर नाही. पाहुण्यांना ते काय आहे हे कळलं नाही. पण आमच्या आण्णांनी बघितलं आणि ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "हा आपला कांदा भिजला तो दिवस." मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. मग ते चित्र नव्हे, तर काय?

कार्यानुभव वाईट, असे माझे म्हणणे नाही. मातीची फळे छान होती. पण चित्र चित्रांच्या ओळीतच हवे.

म्हणून गुरुजींना विनंती की, २६ जानेवारीच्या प्रदर्शनात कागदाची चित्रेही दोरीवर लावावीत. ज्यांच्याकडे रंगपेटी नाही, त्यांनाही मग भाग घेता येईल. आणि पालकांनो, अशा चित्रासमोर लगेच "हे काय आहे?" असे विचारू नका. आधी थोडं मागे सरकून बघा.

लेखात काही चुकले असल्यास माफ करावे. पण मत माझे तेच आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी