कणकेचा गोळा

पोळ्या चालू असल्या की घरातील चिमुरडे आईपाशी येऊन कणकेचा गोळा मागते आणि "अन्नाशी खेळू नये" म्हणून आपण त्यास दूर करतो. अन्नाचा मान राखावा, याविषयी आमचे दुमत नाही. तथापि त्या लिंबाएवढ्या गोळ्यात बालकाची पहिली प्रयोगशाळा असते, असे आम्हांस वाटते.

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे व त्यांच्या सहकारी बार्बेल इनहेल्डर यांच्या १९४१ च्या ग्रंथात असाच एक प्रयोग आहे. मातीचे दोन सारखे गोळे मुलापुढे ठेवावयाचे व एक त्याच्यादेखत वळून लांब करावयाचा. चार-पाच वर्षांचे मूल बहुधा म्हणते, आता दोहोंत माती सारखी नाही!

आम्ही हा प्रयोग कणीक घेऊन धाकट्या बहिणीपुढे केला. "लांब झाली त्यात जास्त," ती म्हणाली. आम्ही हसलो, "चूक!" म्हणालो, ती रुसून निघून गेली. खरी चूक आमची होती. दुसऱ्या दिवशी आम्ही न बोलता तराजू पुढे ठेवला. पारडी समान पाहून तिने वळी मोडली, गोळा केला, पुन्हा तोलला. तिला सारे उमगले असे नव्हे. ही समज साधारणतः सातव्या-आठव्या वर्षी येते. परंतु प्रश्न आता तिचा झाला होता. वस्तुमान अक्षय्यतेचा नियम घोकणाऱ्या आम्हां विद्यार्थ्यांपैकी कितीजणांचा तो कधी झाला?

याला खर्च लागत नाही. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरास बालमंदिर काढले. तेथे त्यांच्यासह काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले आणि परिसरात मिळणाऱ्या साध्या वस्तूंनाच शिक्षणाची साधने बनविले.

अन्नही वाया जावयास नको. हात धुऊन खेळावे आणि मुलाने लाटलेली वेडीवाकडी पोळी तव्यावर टाकावी. ती वाफेने फुगते, आणि एकदा भाजली की पुन्हा कणीक होत नाही, हे त्यास पाहू द्यावे.

म्हणून वडीलधाऱ्यांस व आमच्या विद्यार्थीबंधुभगिनींस एवढीच विनंती, की मागणाऱ्या चिमुकल्या हातावर गोळा ठेवावा. उत्तर सांगण्याची घाई मात्र करू नये.